चौऱ्याऐंशीच्या आत

९ जानेवारी

आज मला तोंडावर नाही म्हटलं. तेही इतक्या गोड आवाजात की धड रागावताही येईना.

बारक्याच्या दोन्ही किडन्या गेल्या त्याला आता आठ महिने होतील. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नाही. आईवडील कधीच गेले. राहिले मी, सख्खी मोठी बहीण, रक्तगट तोच. मला वाटलं होतं जायचं, सही करायची, एक किडनी काढून द्यायची. दोन आहेत, एकीचं काय लोणचं घालायचंय?

किडनीच्या मॅडमनी फाइल उघडायच्या आधी मला काट्यावर उभं केलं. एकशे एकवीस.

"ताई, तुमची इच्छा समजते," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वजनात तुमची किडनी काढायची म्हणजे तुमच्याच जिवाशी खेळ. चौऱ्याऐंशीच्या आत या. काही महिने तिथे टिकून दाखवा. मग तुमच्या तपासण्या सुरू करू."

"सदतीस किलो कमी करू? कसे?"

"पोटाचं ऑपरेशन असतं. तुम्हाला आधी कोणी सुचवलं नाही का?"

सुचवलं होतं. सहा वर्षांत चार वेळा. साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, त्यासाठी नाकाला लावायचं ते यंत्र. दर वेळी मी म्हटलं, मला काय करायचंय बारीक होऊन? लग्नाचं वय गेलं. बसस्टँडच्या वरच्या खोलीत बसून माइकवर बोलायचं माझं काम. प्रवाशांना मी ऐकू येते, दिसत नाही. आवाजाला कुठे वजन असतं?

बारक्या बाहेर बाकावर बसला होता. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माल चांगला आहे, पॅकिंग फार आहे."

खूप दिवसांनी तो मोठ्याने हसला. मग त्याला धाप लागली.

१६ जानेवारी

पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पोटाची पिशवी उभी कापून केळ्याएवढी नळी ठेवतात. कापलेला भाग फेकून देतात. परत आणायची सोय नाही. त्यांनी हे सगळं एका कागदावर चित्र काढून दाखवलं. छान काढतात चित्र.

बारक्याला सांगितलं तर तो उसळला. "वेडी आहेस का? माझ्यासाठी स्वतःचं पोट कापून घेणार? अजिबात नाही. मला नको तुझी किडनी."

मी म्हटलं, आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी सतरा. तेव्हापासून तुला काय हवं, काय नको ते मी ठरवत आले आहे. आता कशाला पद्धत बदलायची?

तो हातातली ती जागा, जिथे सुया टोचतात, ती चाचपत बसला. तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरतं. तो म्हणतो, आमच्या दुकानातली जुनी मोटार अशीच वाजायची. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. डायलिसिस सुरू झाल्यावर बंद केलं.

२ फेब्रुवारी

बारक्या आपणहून आला! भावजयही बरोबर होती. गेल्या आठवड्यात तीन दिवस त्याच्याच तपासण्या चालल्या होत्या, हृदयाची, फुप्फुसांची, आणखी कसली कसली. किडनी बसवायच्या आधी घेणाऱ्याचंही सगळं बघतात म्हणे. "काय निघालं?" मी विचारलं. "सगळं ठीक," तो म्हणाला.

खुर्चीत बसला, पाणी मागितलं नाही. त्याला दिवसभरात लिटरभरच चालतं, ते मोजून पितो. बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"ताई, ते पोटाचं ऑपरेशन कर."

"तूच तर नको म्हणत होतास."

"आता म्हणतो कर. माझ्यासाठी कर. माझ्यासाठी म्हटलं तरच तू करशील."

मला इतकं बरं वाटलं! या पोराने आजवर माझ्याकडे काही मागितलं म्हणून नाही. शाळेत असताना बूट फाटले तरी आतून पुठ्ठा लावून घालायचा, पण सांगायचा नाही. आज तोंड उघडून मागितलं.

भावजय स्वयंपाकघरात गेली होती. नळ चालू ठेवून उभी होती. चहा ठेवतेस का म्हणून विचारायला गेले तर तिचे डोळे लाल. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, अगं रडतेस काय, दीड वर्षात नवरा पुन्हा दुकान उघडेल. तर आणखीच रडायला लागली. हळवी आहे.

२१ फेब्रुवारी

६ मार्चला ऑपरेशन ठरलं. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ. सूप, ताक, ती प्रथिनांची पावडर. खडू पाण्यात कालवल्यासारखी लागते. माझ्या यकृतावर चरबी साठून ते फुगलंय, ते आक्रसलं नाही तर दुर्बीण आत घालता येत नाही. "चोरून खाल्लंत तर मला आत गेल्यावर दिसतं," पोटाचे डॉक्टर हसत म्हणाले.

कंट्रोलरसाहेब, म्हणजे खालच्या फलाटांवर गाड्या लावणारे आमचे साहेब, माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा डबा उचलून घेऊन गेले. म्हणाले, जप्त. आम्ही पंधरा वर्षं बरोबर काम करतोय. माझी त्या डब्याशी किती जवळीक आहे ते त्यांना माहीत आहे.

३ मार्च

हे कोणाला सांगायचं नाही.

परवापासून खाते आहे. स्टँडसमोरच्या बेकरीतून क्रीमचे पाव घेतले, सहा. वाटलं एकच खाईन. मग वाटलं, आता परत जन्मात असं खाता येणार नाही, निरोप घ्यायला नको का? काल पुन्हा घेतले. आज पुन्हा. खोलीचं दार लावून, माइक बंद आहे ना ते दोनदा बघून.

भूक नव्हती. ते मला चांगलं माहीत आहे. भीती होती. भीती वाटली की मी खाते, आई गेली तेव्हापासून. पण भीतीने सहा सहा पाव कोण खातं? माझा भाऊ तिकडे बर्फाचा खडा चघळून तहान भागवतो आहे.

६ मार्च

ऑपरेशन झालं नाही. आज सकाळी भरती करून घ्यायच्या आधी सोनोग्राफी केली. यकृत होतं तसंच. वजन उलट दीड किलो वर. पोटाचे डॉक्टर ओरडले नाहीत. नवीन तारीख लिहून दिली, १२ एप्रिल.

बारक्याला मी खरं तेच सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडे फार वेळ नाही गं. तू लवकर कर."

पाच आठवडे. क्रीमच्या पावांसाठी मी त्याचे पाच आठवडे खाल्ले.

११ एप्रिल

एकशे चौदा. या वेळी बेकरीच्या बाजूने गेलेच नाही, मागच्या फाटकातून ये-जा केली.

उद्या सकाळी आठला. बारक्या म्हणाला मी येणार. म्हटलं, उद्या तुझं डायलिसिस. म्हणे दुपारचं करून घेतलंय.

भीती वाटते. खाल्लेलं नाही.

१६ एप्रिल

आज घरी आले. पोटावर पाच भोकं. औषधाच्या टोपणाएवढा कप दिलाय, त्यातून दर पाच मिनिटांनी घोट. एक जास्त घेतला तर छातीत दगड अडकल्यासारखं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा बारक्या पायाशी बसला होता. इतका आनंदलेला की मला वाटलं ऑपरेशन त्याचंच झालं. डॉक्टरांना विचारत होता, आता हिची साखर जाईल ना? झोपेतला श्वास सुटेल ना? गुडघे? डॉक्टर म्हणाले, सगळं जमेल, बाई चिवट आहेत. पठ्ठ्याने किडनीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, किती महिन्यांत देता येईल? डॉक्टर बारक्याकडे बघायला लागले. बारक्या म्हणाला, "आधी बरी तर हो."

१९ मे

एकशे दोन. बारा किलो गेले. कुठे जातात कोण जाणे.

रविवारी बारक्याकडे गेले होते. टेबलावर दोघांचे दोन कप. त्याचा दिवसभराचा पाण्याचा कोटा आणि माझं मोजून मापून सूप. भावजय म्हणाली, "पाहुण्यांना काय वाढायचं हा प्रश्नच संपला." तिघेही हसलो. मग त्याने मला जिना चढून दाखवायला लावला. त्यांच्या इमारतीला तीन मजले आहेत. मी दुसऱ्यावर एकदाच थांबले. खाली आले तर त्याने माझी नाडी धरली आणि घड्याळात बघत बसला, मोठा डॉक्टर लागून गेला.

"अरे, किडनी तपासायची असते, नाडी नाही."

"मला जे कळतं ते मी तपासतो," म्हणाला.

११ जून

नव्व्याण्णव!! काट्यावरून तीनदा उतरून परत चढले. चोवीस-पंचवीस वर्षांची असल्यापासून दोन आकडी पाहिलं नव्हतं. पहिला फोन बारक्याला. त्याचं डायलिसिस चालू होतं. फोनमध्ये एकदम कालवा ऐकू आला. मी विचारलं, काय रे झालं? म्हणाला, काही नाही, टीव्ही चालू आहे.

३० जून

केस गळतात, पुंजकेच्या पुंजके. डॉक्टर म्हणतात परत येतील. दंडाखालची कातडी लोंबते. अंघोळीच्या वेळी स्वतःच्याच पोटाची घडी उचलून पुसावी लागते. हे कोणी आधी सांगत नाही.

तरीही एक गोष्ट लिहून टाकते. मला आवडतंय. काल स्टँडवर खिडकीच्या काचेत एक बाई दिसली, लगबगीने चाललेली. दोन पावलं गेल्यावर कळलं की ती मीच. नाकाचं यंत्र डॉक्टरांनी काढून टाकलं. साखरेची एक गोळी बंद झाली. सकाळी उठते तेव्हा डोकं हलकं असतं. लोकांची रोजच अशी सकाळ होत असणार, मला ठाऊकच नव्हतं.

आणि मग लाज वाटते. मी हे कशासाठी करते आहे, आणि आरशात काय बघत बसते आहे! बारक्याला सांगितलं तर त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "आवडतंय ना? खरं सांग. आवडतंय?" त्याला एवढं काय त्याचं?

९ ऑगस्ट

तीन आठवडे काटा हलत नाही. त्र्याण्णववर गाडी पंक्चर. म्हटलं, किडनीच्या मॅडमना भेटून विचारावं, नव्वदला चालणार नाही का? एवढ्यातेवढ्यासाठी अडवतात कशाला?

बारक्याने जाऊ दिलं नाही. मॅडम रजेवर आहेत म्हणाला. गेल्या महिन्यातही रजेवरच होत्या. मी म्हटलं, या बाई काम कधी करतात? भावजय उठून आत गेली.

बारक्याचं तोंड मात्र भरल्यासारखं दिसतं. गालाची हाडं वर आली होती ती झाकली गेली. पायही भरलेत. मला बरं वाटलं. म्हटलं, माझे किलो तुझ्याकडे येतात वाटतं. तो म्हणाला, "हो, घरातच राहू देत."

१४ सप्टेंबर

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं मैदानावर जातो. तो बाकावर बसतो, मी फेऱ्या मारते. त्याच्यासमोरून गेले की बोटं वर करून फेरीचा आकडा दाखवतो. आज आठ झाल्या. मी बसायला गेले तर म्हणाला, "अजून एक."

"तू स्वतः एक तरी मार."

"माझी मोटार जळली आहे ताई. वाइंडिंग होत नाही."

"होणार आहे. माझं वजन उतरून टिकलं की, येत्या एप्रिलमध्ये."

तो मैदानाकडे बघत म्हणाला, "नंतर परत वाढवणार नाहीस ना? म्हणजे माझं काम झालं, आता सुटले, असं म्हणून?"

"काय बोलतोस?"

"तुला सवय आहे. दुसऱ्यासाठी असलं की तू डोंगर उचलतेस. स्वतःसाठी म्हटलं की बसून राहतेस."

मी म्हटलं, आगाऊपणा पुरे. आणि नववी फेरी मारायला गेले. परत आले तर तो बसल्या बसल्या झोपला होता. भावजय सांगते, हल्ली आडवं पडलं की त्याला गुदमरल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीतच झोपतो. मी म्हटलं, माझं जुनं यंत्र वापरून बघा.

२ ऑक्टोबर

अठ्ठ्याऐंशी. चार उरले. फक्त चार! फोनवर बारक्या म्हणाला, "शाब्बास ताई." आवाज अगदी खोल गेलेला.

१० ऑक्टोबर

बारक्या गेला.

१९ ऑक्टोबर

लिहायचं म्हटलं तर हात चालत नाही. पण विसरून जायची भीती वाटते.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊ. मी माइकवर होते. सहा नंबरची गाडी उशिरा येणार असल्याचं सांगत होते. कंट्रोलरसाहेब वर आले. ते कधी वर येत नाहीत, त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला, बंद केला आणि म्हणाले, "ताई, खाली चला. भावजयीचा फोन आहे." मी म्हटलं, घोषणा अर्धी राहिली. ते म्हणाले, राहू दे.

डायलिसिसला निघायचं म्हणून ती त्याला उठवायला गेली. खुर्चीतच होता. बूट घातलेले होते. एकाची नाडी बांधायची राहिली होती.

त्याच्या घरी पोहोचले तेव्हा मी तीन मजले एका दमात चढले. कुठेच थांबले नाही. दारात उभी राहिल्यावर ते लक्षात आलं आणि मला स्वतःचा इतका संताप आला!

भेटायला माणसं येतात. दारातून आत येताना तोंड पाडून येतात आणि मला बघून थबकतात. "अगं बाई, किती बारीक झालीस! ओळखूच आली नाहीस." मग त्यांना आठवतं कशाला आलोत ते. लांबच्या एका मावशीने तर विचारलं, काय केलंस नक्की, माझ्या सुनेला सांगायचंय.

३ नोव्हेंबर

त्र्याऐंशी किलो सहाशे.

मुद्दाम काट्यावर चढले नव्हते. दवाखान्यात दर महिन्याला तपासणी असते, तिथे नर्सने चढवलं. "वा! चौऱ्याऐंशीच्या आत!" म्हणाली. फाइलवर तोच आकडा लाल शाईने लिहिलेला होता, त्याखाली तिने रेघ मारली. पोटाचे डॉक्टर म्हणाले, फार भरभर उतरलंय, तुम्ही नीट जेवत नाही आहात.

चोवीस दिवस. त्याने फक्त चोवीस दिवस आणखी काढले असते. आणि माझे ते पाच आठवडे धरले, तर मी सप्टेंबरच्या शेवटालाच इथे असते. मॅडमनी म्हटलं असतं थोडं थांबा, मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. क्रीमचे पाव. दिवसाला सहा. तीन दिवस. अठरा पाव.

५ नोव्हेंबर

किडनीच्या मॅडमकडे गेले. रजेवर नव्हत्या. त्यांना सगळं सांगितलं, पावांसकट. म्हटलं, एवढंच सांगा, मी ६ मार्चला ऑपरेशन करून घेतलं असतं तर तो वाचला असता का?

त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. याहून जास्त मी बोलणं बरोबर नाही. त्यांच्या पत्नीशी बोला."

तिथून तडक भावजयीकडे गेले. ती शाळेतून नुकतीच आली होती. ऑफिसची पिशवी खांद्यालाच. ती शाळेत कारकून आहे. मी दारातच विचारलं.

ती पलंगावर बसली. पिशवी काढली नाही. म्हणाली, "ताई, त्यांना किडनी बसवताच येत नव्हती. कोणाचीच."

"म्हणजे?"

"हृदय. पंपिंग फार कमी होतं. ऑपरेशन टेबलावरच जातील म्हणाले. ३१ जानेवारीला सांगितलं आम्हाला. वर्ष निघालं तर पुष्कळ, म्हणाले."

"२ फेब्रुवारीला तुम्ही माझ्याकडे आलात."

"हो."

"त्याने मला ऑपरेशन कर म्हणून सांगितलं."

"दवाखान्याच्या जिन्यात बसून ठरवलं त्यांनी. मला म्हणाले, ताई स्वतःसाठी कधी करणार नाही. मी जायचाच आहे. निदान माझ्या नावावर तेवढं करून घेऊ दे. नाहीतर माझ्यामागे ती खात बसेल आणि दोन वर्षांत तीही जाईल. मला शपथ घातली. ताई, मी किती वेळा तोंड उघडणार होते. तुम्ही 'एप्रिल' म्हणायचात ना, तेव्हा मला उठून जावंसं वाटायचं."

"पोटाच्या डॉक्टरांना माहीत होतं?"

"यांनीच सांगितलं होतं डॉक्टरांना. डॉक्टर तयार नव्हते आधी. नंतर म्हणाले, ताईंना हे ऑपरेशन तसंही गरजेचंच आहे, कारण कोणतं का असेना."

मी उठले. ती मागून म्हणत होती, "ताई, पाच आठवड्यांचं मनात आणू नका. पाच वर्षं आधी केलं असतंत तरी..." पुढचं मी ऐकलं नाही.

७ नोव्हेंबर

फसवलंस तू मला.

माझं पोट कापलं, केस गेले, सात महिने मी चिमणीएवढं खाल्लं, का तर तुला जगवायला. आणि तू बाकावर बसून फेऱ्या मोजत होतास. तुला माहीत होतं. रोज माहीत होतं. मला कोणी सांगितलं असतं तर मी तुझ्याजवळ बसले असते रे. फेऱ्या मारत नसते बसले. त्या मैदानावर तुझ्याकडे पाठ करून किती चालले मी.

आइस्क्रीमचा डबा आणला. ते घशाखाली उतरतं, अडकत नाही, सगळ्या ऑपरेशनवाल्यांना हे माहीत असतं. अर्धा खाल्ला. सगळा उलटून पडला. बाथरूममध्ये जमिनीवर बसले होते आणि विचार आला, आता हे बारक्याला सांगायला हवं.

१८ नोव्हेंबर

भावजयीचा रोज फोन येतो. मी उचलत नाही. आज कंट्रोलरसाहेब म्हणाले, "ती खाली बाकावर बसली आहे, दोन तास झाले." गेले. तिच्याशेजारी बसले. तिने पिशवीतून डबा काढला, दोन उकडलेली अंडी आणि थोडं दही. माझं माप तिला अजून पाठ आहे. एक अंडं तिने खाल्लं, एक मला दिलं. अर्ध्या तासात संपवलं मी.

जाताना म्हणाली, "डायलिसिसच्या वॉर्डात त्यांचं कपाट आहे. चादर, रेडिओ, मोजे. ते घेऊन जा म्हणून दोनदा फोन आला. माझ्याने जाववत नाही."

म्हटलं, मी जाईन.

२२ नोव्हेंबर

आज सुट्टी घेऊन गेले. वॉर्ड मी आतून कधी पाहिला नव्हता. तो नेहमी म्हणायचा, तू बाहेरच थांब, आत जंतू असतात. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक मशीन, माणसाचं रक्त लाल नळीतून बाहेर जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. दारातल्या सिस्टरना मी बारक्याचं नाव सांगून विचारलं, त्याचं कपाट कुठलं?

तीन-चार माना एकदम वळल्या.

"आवाज बसस्टँडचा," खिडकीजवळचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "तू ताई ना? बारक्याची ताई?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. डाव्या हाताला सुया होत्या, उजव्याने माझा हात धरला. म्हणाले, दोन वर्षं झाली मला इथे, असा पोरगा पाहिला नाही. "आल्या आल्या सांगायचा, ताई आज इतकी. एकशे दहा. एकशे चार. आम्हाला सगळं पाठ. तू शंभरच्या आत आलीस ना, त्या दिवशी असा ओरडला की सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं सुई निघाली. सगळा वॉर्ड ओरडला मग."

समोरच्या खुर्चीतली एक बाई म्हणाली, "काटा अडला होता तेव्हा आम्ही पण काळजीत होतो हो."

म्हातारे म्हणाले, "मी एकदा विचारलं त्याला, अरे, तिचं होत आलं, तुझं ऑपरेशन कधी? तर म्हणतो, काका, माझं चालूच आहे की."

सिस्टरनी कपाट उघडून दिलं. चादर घडी केलेली होती. तिला त्याचा वास होता, औषधाचा आणि त्याचा. छातीशी धरून मी जायला निघाले.

"अगं, पण आता किती?" म्हाताऱ्यांनी मागून विचारलं.

वळून बघितलं तर सगळेच माझ्याकडे बघत होते. एकेका हाताला नळ्या, पांघरुणाबाहेर आलेली पावलं, आणि उत्तराची वाट बघणारे चेहरे. आपला बारक्या नसताना हा आकडा कोणाला हवा असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"ब्याऐंशी," मी म्हटलं. आवाज फुटला. माइकवर पंधरा वर्षांत कधी फुटला नव्हता.

त्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या. एकच हात मोकळा. म्हाताऱ्यांनी तो आपल्या मांडीवर आपटला. मग समोरच्या बाईने. मग पलीकडच्या कोणी. मशीनच्या आवाजात तो थपथप आवाज खोलीभर झाला, आणि मी चादर तोंडावर धरून त्यांच्यामध्ये उभी राहून रडत राहिले.